स्वादुपिंड कर्करोगाच्या सेल लाइन : एक चिकित्सा

स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील शोधनिबंधांत पॅन्क-१, मिया पाका-२ आणि बीएक्सपीसी-३ ही नावे वारंवार येतात. सेल लाइन म्हणजे रुग्णाच्या गाठीतून वेगळ्या केलेल्या आणि प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी. पॅन्क-१ ही ५६ वर्षांच्या एका पुरुषाच्या गाठीतून, तर बीएक्सपीसी-३ ही ६१ वर्षांच्या एका स्त्रीच्या गाठीतून मिळाली. या पेशी गोठवून साठवता येतात आणि तोच प्रयोग पुन्हा करता येतो. हा त्यांचा मोठा गुण आहे.

अडचण निष्कर्षांत आहे. एका सेल लाइनवर औषध घातले, पेशी मेल्या, आणि निबंधाच्या शेवटी ‘हे औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगावर गुणकारी ठरू शकते’ असे लिहिले जाते. हे विधान तीन कारणांनी तपासून पाहावे लागते.

पहिले कारण जनुकीय आहे. या कर्करोगाच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत केआरएएस जनुकात उत्परिवर्तन असते. बीएक्सपीसी-३ मध्ये ते नाही. मिया पाका-२ मध्ये जी१२सी हा प्रकार आहे, जो या रुग्णांत क्वचितच आढळतो. पॅन्क-१ मधील जी१२डी मात्र सर्वाधिक आढळतो. म्हणजे सेल लाइन बदलली की जणू रुग्णच बदलतो.

दुसरे कारण परिसराचे आहे. शरीरातील गाठीभोवती तंतुमय ऊतींचे दाट आवरण असते. त्यात रक्तपुरवठा कमी असल्याने औषध आत पोहोचणे कठीण जाते. प्लास्टिकच्या थाळीत हा अडथळाच नसतो. शिवाय थाळीत वापरलेली मात्रा रुग्णाच्या रक्तात गाठता येईल का, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही.

तिसरे कारण ओळखीचे आहे. पेशींची सरमिसळ आणि मायकोप्लाझ्माचा संसर्ग डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून एसटीआर चाचणीने ओळख पटवणे आणि मायकोप्लाझ्माची नियमित तपासणी करणे आवश्यक आहे.

याचा अर्थ सेल लाइन टाकून द्याव्यात असा नाही. पेशीच्या आतली यंत्रणा समजून घेण्यासाठी त्या उत्तम साधन आहेत. मात्र भिन्न उत्परिवर्तनांच्या किमान दोन-तीन सेल लाइन घ्याव्यात, निरोगी पेशींशी तुलना करावी आणि निष्कर्ष ‘या पेशींत असे आढळले’ एवढाच लिहावा. शोधनिबंधातील आशादायक वाक्य रुग्णाचे नातेवाईकही वाचतात, हे विद्यार्थ्यांनी प्रकल्प-अहवाल लिहिताना लक्षात ठेवावे.