सही पालकांची: अमेरिकेच्या ‘टायटल वन’ कायद्याचे एक वाचन

आज आम्ही एका कायद्यावर बोलणार आहोत, आणि तो पुस्तक वाचावं तसा वाचणार आहोत. कायद्यालाही लेखक असतो, त्यातही पात्रं असतात. अमेरिकेच्या ‘एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन ॲक्ट’ या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात असं एक पात्र आहे: गरीब मुलाचा पालक. साठ वर्षांत हा कायदा अनेकदा नव्यानं लिहिला गेला आणि दर वेळी या पात्राबद्दल अधिक प्रेमानं, अधिक आदरानं बोललं गेलं. त्याच्या हातात मात्र काय आलं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी पैशाचं बघू. अमेरिकेतली सरकारी शाळा मुख्यतः राज्याच्या आणि स्थानिक पैशावर चालते. स्थानिक पैसा म्हणजे बहुतांशी घराजमिनीवरचा कर. तो गोळा करतं ते ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. हा आपला महसुली जिल्हा नव्हे, एखाद्या गावाच्या किंवा शहराच्या शाळा चालवणारं स्वतंत्र मंडळ. म्हणजे ज्या भागात घरं महाग तिथली शाळा सधन, आणि जिथे घरं पडकी तिथे शाळाही पडकी. केंद्राने यात हात घातला तो १९६५ साली. ११ एप्रिलला लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमध्ये, आपण ज्या एकखोली शाळेत बसलो तिथे, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून या कायद्यावर सही केली. तरुणपणी कोटुला नावाच्या गावात त्यांनी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवलं होतं, तेव्हा तो प्रसंग केवळ फोटोपुरता नसावा असं आम्हाला वाटतं. कायद्याचं पहिलं प्रकरण, म्हणजे ‘टायटल वन’, गरीब मुलांच्या संख्येनुसार डिस्ट्रिक्टना पैसे देतं. आज ही रक्कम वर्षाला अठरा अब्ज डॉलरच्या आसपास आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, पण देशाच्या एकूण शालेय खर्चात केंद्राचा सगळा वाटा मिळून सर्वसाधारण वर्षी दहा टक्क्यांच्या आगेमागेच असतो.

मग या पैशाने काही होतं का? होतं. त्याचा फार चांगला पुरावा एका खटल्याच्या निकालपत्रात पडून आहे. सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचं गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाचं डिस्ट्रिक्ट होतं आणि जवळच अलामो हाइट्स हे श्रीमंत. १९६७-६८ या वर्षी एजवूडमध्ये एका मुलामागे स्थानिक जादा कराचे २६ डॉलर, राज्याचे २२२ आणि केंद्राचे १०८, असे एकूण ३५६ डॉलर पडत होते. अलामो हाइट्समध्ये अनुक्रमे ३३३, २२५ आणि ३६, म्हणजे ५९४. गंमत अशी की कराचा दर एजवूडचाच जास्त होता. गरीब लोक जास्त दराने कर भरत होते आणि तरी त्यांच्या हाती २६ डॉलर लागत होते. आता केंद्राचा पैसा बाजूला काढून पाहा: दोन्हींतली तफावत ३१० डॉलरची होते. तो धरला की २३८ उरते. म्हणजे वॉशिंग्टनहून आलेल्या पैशाने दरी अरुंद केली, पण बुजवली नाही. ती बुजवणं त्याचं काम असल्याचं कायद्यातही कुठे म्हटलेलं नव्हतं.

हे आकडे आपल्यापर्यंत आले ते पालकांमुळे. १९६८ साली एजवूडचे विद्यार्थी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडले आणि पाठोपाठ पालक एकत्र आले. त्यांतले दिमित्रिओ रॉड्रिग्ज हे हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे कामगार. या पालकांनी ‘मुलाचा गृहपाठ कसा घ्यावा’ असं विचारलं नाही. आमचा कर जास्त आणि आमच्या शाळेची ही दशा, असं का, हे विचारलं आणि थेट कोर्ट गाठलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे एजवूडच्या बाजूने एकमताने निकाल दिला. मधली वीस-एकवीस वर्षं गेली, त्या वेळची मुलं स्वतः पालक झाली असतील, ते निराळं.

पालकाचा शाळेशी संबंध म्हणजे काय, याचं हे एक चित्र झालं. कायद्यातलं चित्र याच्याशी ताडून पाहू.

सुरुवातीच्या कायद्यात पालक जवळजवळ नाहीतच. पैसा आला आणि हवा तसा खर्च झाला. १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्‌ल्युअर या दोघींनी एक अहवाल काढला. गरीब मुलांच्या नावाचा पैसा डिस्ट्रिक्टनी सर्वांच्याच खर्चात कसा जिरवला हे त्यात होतं. पोहण्याच्या तलावांवरही तो गेला होता. मग नियम कडक झाले. केंद्राचा पैसा स्थानिक पैशाच्या वर पडला पाहिजे, त्याच्या जागी नाही, हे तत्त्व पक्कं झालं. आणि सत्तरच्या दशकात पालकांच्या सल्लागार समित्या सक्तीच्या झाल्या, डिस्ट्रिक्टसाठी एक आणि शाळेसाठी एक. बहुमत पालकांचं. १९७८ च्या दुरुस्तीनं सभासद निवडून आले पाहिजेत असंही म्हटलं. या समित्या सगळीकडे चालल्या असं नाही. मुख्याध्यापकांच्या मर्जीतल्या चार बायांना बोलावून चहा पाजायचा, असेही प्रकार होत असणार. समित्यांचा स्वभाव सातासमुद्रापलीकडे वेगळा नसतो. पण कागदावर एक जागा होती आणि ती मतदानाने भरायची होती.

१९८१ मध्ये रेगन सरकारच्या काळात कायदा आटोपशीर केला गेला आणि ही सक्ती गेली. ‘टायटल वन’चं नावही बदलून ‘चॅप्टर वन’ झालं. १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या काळात जुनं नाव परत आलं. निवडून आलेल्या समित्या परत आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी आला एक ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे शाळा आणि पालक यांचा करारनामा.

आमच्या मते या कायद्याच्या चरित्रातली ही सर्वांत बोलकी अदलाबदल आहे. मत गेलं आणि सही आली. करारनाम्यात शाळा म्हणते, आम्ही चांगलं शिकवू. पालक म्हणतो, मी मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देईन, वर्गात मदतीला येईन. प्रगतिपुस्तकावर सही करून देणाऱ्या आपल्या पिढ्यांना हा प्रकार परका वाटू नये. करार म्हटला की तो मोडल्यावर काय, हे आलं पाहिजे. शाळेने शब्द पाळला नाही तर पालकाने काय करायचं, याचं उत्तर त्या करारात नाही.

दरम्यान शब्द मात्र फार सुधारले. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’मध्ये शब्द होता ‘पॅरेंटल इन्व्हॉल्व्हमेंट’, पालकांचा सहभाग. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’मध्ये त्याचं ‘पॅरेंट अँड फॅमिली एंगेजमेंट’ झालं. यात कुटुंब आलं हे चांगलंच झालं. आजीनं वाढवलेली मुलं तिकडेही कमी नाहीत. पण कलम १११६ नीट वाचा. पालकांना वर्षातून एकदा सभेला बोलवा. सभा सकाळी घ्या, संध्याकाळीही घ्या. येण्याजाण्याचा आणि मुलं सांभाळण्याचा खर्च या पैशातून देता येईल. इथपर्यंत कलम लिहिणाऱ्याला गरिबाचा दिवस कसा जातो हे ठाऊक आहे, आणि याची आम्ही मनापासून दाद देतो. माहिती पालकांना समजेल त्या भाषेत द्या, हेही आहे. फक्त ‘शक्य असेल तिथवर’. पुढे तर आणखी मजा आहे. शाळेचा आराखडा पालकांशी विचारविनिमय करून बनवायचा, आणि समजा तो पालकांना पटला नाही, तर? तर त्यांचे अभिप्राय आराखड्याला जोडून वर पाठवायचे. बस. हरकत ही पुरवणी म्हणून जोडली जाते. आराखडा पुढे जातो.

आणि पैसा? ज्या डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरांहून जास्त मिळतात, त्याने किमान एक टक्का कुटुंबांच्या सहभागासाठी राखून ठेवायचा आणि त्यातला नव्वद टक्के शाळांना द्यायचा. हा एक टक्का कसा वाटायचा, यात पालकांचं म्हणणं घ्यावं असं कायदा स्पष्ट सांगतो. हिशेब करून बघू. डिस्ट्रिक्टला दहा लाख मिळाले. एक टक्का म्हणजे दहा हजार. शाळांकडे नऊ हजार. दहा शाळा धरा, प्रत्येकीला नऊशे. शाळेत चारशे मुलं असली तर एका मुलामागे सव्वादोन डॉलर, वर्षाला. हा किमान आकडा आहे, जास्त द्यायला बंदी नाही, हे खरं. पण बंदी नसणं आणि सक्ती असणं यांत काय फरक असतो हे सरकारी शाळेतल्या कुणालाही विचारा.

इतकं करून कायद्याची कल्पना तरी बरोबर आहे का? गरीब पालक मुलाकडे लक्ष देत नाही, त्याला शिकवलं की देईल, अशी ती कल्पना. ॲनेट लॅरो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ च्या ‘होम ॲडव्हांटेज’ मध्ये आणि २००३ च्या ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ मध्ये कुटुंबांजवळ बसून जे पाहिलं, ते वेगळंच होतं. कामगार आईबापांना मुलाच्या शिक्षणाची आच कमी नव्हती. त्यांची समजूत अशी की शिकवणं हे शिक्षकाचं काम, जसं औषध देणं डॉक्टरचं. शिवाय शाळेची धास्ती असायची: मुलाला रागावलो तर हे आपली तक्रार तर करणार नाहीत? मध्यमवर्गीय आई मात्र शाळेत जाऊन वर्ग बदलून घेते, खास चाचणीचा आग्रह धरते. शाळेला हवा असतो तो पालक या आईसारखा बोलणारा, पण तिच्यासारखं न मागणारा. ही शेवटची टिप्पणी आमची, लॅरोंच्या माथी मारू नका.

२०१४ मध्ये किथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस यांच्या ‘द ब्रोकन कंपास’ने पालकांच्या सहभागाचे बरेचसे प्रकार मुलांच्या गुणांत फारशी भर घालत नाहीत असं दाखवलं आणि बरीच खळबळ उडाली. आम्हाला ते पुस्तक अपुरं वाटतं. त्यांनी पालक घरी आणि शाळेत काय करतात हे मोजलं. शाळेच्या कारभारात त्यांचं काय चालतं, हे तिथे जवळपास तपासलेलंच नाही. ते पाहायचं तर न्यू हेवनला जावं लागेल. तिथे १९६८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी गरीब, जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मुलांच्या दोन शाळा हाती घेतल्या. पहिलं वर्ष भांडणातच गेलं. मग शाळा चालवणाऱ्या गटात पालकांना बसवलं, मुख्याध्यापकांच्या बरोबरीने. १९६९ मध्ये तिथली चौथीची मुलं दीड वर्षाहून जास्त मागे होती. दहा वर्षांनी ती इयत्तेच्या पातळीवर आली. एका पालकांमुळेच हे झालं असं कोमरही म्हणत नाहीत. मुलांच्या मानसिक आरोग्यावर आणि शिक्षकांवरही तितकंच काम झालं होतं. पण पालक तिथे पाहुणे नव्हते.

केंद्राच्या कायद्यात नसलेली गोष्ट राज्याच्या कायद्यात असू शकते, हेही जाता जाता सांगायला हवं. इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये शिकागोच्या शाळांना निवडून आलेल्या परिषदा दिल्या: सहा पालक, दोन स्थानिक रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाची चार वर्षांची नेमणूक ही परिषद करते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असं लिहिलं. त्या समित्या कागदावरच राहतात ही आपली नेहमीची कुरकुर, आणि ती रास्तही आहे. ‘टायटल वन’च्या कागदावरून मात्र ती जागाच १९८१ मध्ये पुसली गेली आणि त्यानंतरच्या एकाही दुरुस्तीने ती परत लिहिलेली नाही.

वेळ संपत आला आहे. शिकागोच्या परिषदांचं पुढे काय झालं, असं समोरून कुणी विचारताहेत. तिथूनच प्रश्नांना सुरुवात करू.