अ‍ॅल्युमिनावरील हायड्रॉक्सिल गट : पेरी यांच्या प्रतिमानाचे परीक्षण

जे. बी. पेरी यांनी १९६५ साली गॅमा-अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागाचे जे प्रतिमान मांडले, त्याचा मोह अद्याप पुरता ओसरलेला नाही. तापवून निर्जल केलेल्या या उत्प्रेरकाच्या अवरक्त वर्णपटात त्यांना हायड्रॉक्सिल गटांचे पाच पट्टे आढळले : ३८००, ३७८०, ३७४४, ३७३३ आणि ३७०० प्रति सेंटिमीटर. स्फटिकाचे (१००) हे एकच प्रतल उघडे आहे असे त्यांनी गृहीत धरले. त्यावरील शेजारशेजारचे दोन गट मिळून पाण्याचा एक रेणू निघून जातो. असे गट यदृच्छेने काढीत गेले असता उरलेल्या प्रत्येक गटाच्या शेजारी चार, तीन, दोन, एक किंवा शून्य ऑक्साइड आयन राहतात. प्रकार पाच आणि पट्टेही पाच! शेजार जितका अधिक तितकी कंपनसंख्या अधिक, हा नियम लावून ३८०० च्या पट्ट्यास चार शेजारी दिले गेले, ३७०० च्या पट्ट्यास एकही नाही.

पट्ट्यांची नुसती यादी न देता निर्जलीकरणाची क्रियाच गणनयंत्रावर उभी करण्यात पेरी यांची थोर कल्पकता दिसते. शंका आहे ती पाचाच्या जुळणीविषयी. क्नोझिंगर आणि पॉल रत्नसामी (हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले) यांनी १९७८ साली निराळाच प्रश्न विचारला : हायड्रॉक्सिल गट किती अ‍ॅल्युमिनियम आयनांशी जोडलेला आहे, आणि ते आयन चार ऑक्सिजनांनी वेढलेले आहेत की सहांनी? त्यांनी एकाहून अधिक प्रतले विचारात घेतली, आणि त्यांच्याही हाती मुख्य प्रकार आले ते पाचच. ३७०० चा पट्टा पेरी यांच्या मते ऑक्साइडचा शेजार नसलेल्या गटाचा. या दोघांच्या मते तो एकाच वेळी तीन अ‍ॅल्युमिनियम आयनांस जोडलेल्या गटाचा. परस्परविरोधी दोन प्रतिमाने त्याच पट्ट्यांचा उलगडा करीत असतील, तर संख्येची जुळणी कोणाच्याच बाजूची साक्ष होऊ शकत नाही.

पट्ट्यावरून जागा ठरवावयाची आणि त्याच जागेवरून पट्ट्याचा अर्थ लावावयाचा, हे चक्र बाहेरच्या पुराव्यानेच तुटते. पिरिडीनच्या अधिशोषणाचा असा पुरावा पॅरी यांनी १९६३ सालीच दिला होता. अ‍ॅल्युमिनावर लुईस आम्लतेचा १४५० चा पट्टा उमटतो, प्रोटॉन मिळाल्याचा १५४० चा नाही; म्हणजे हे हायड्रॉक्सिल गट पिरिडीनला प्रोटॉन देण्याइतके आम्लधर्मी नाहीत. एखादा हायड्रॉक्सिल-पट्टा नाहीसा झाला एवढ्यावरून 'क्रियाशील जागा सापडली' असे प्रबंधात लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

दिन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ व २००४ साली पुंजयामिकीच्या आधारे जी गणना केली, तीत (११०) हे प्रतल प्रमुख ठरून पेरी यांचे प्रतल दुय्यम झाले. पृष्ठभागावर टिकून राहणारे पाणी तापमानानुसार बदलते आणि प्रत्येक प्रतलावर ते वेगळे असते, असेही त्या गणनेत दिसते; त्यामुळे एकाच पट्ट्यात भिन्न प्रतलांवरील गट मिसळलेले असू शकतात.