फातिमा शेख : वारसा आणि साक्षीची कसोटी

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना सावित्रीबाई फुले यांच्यासमवेत फातिमा शेख यांचे नाव घेतले जाते. अलीकडे अनेक महाविद्यालयांतून ३ जानेवारीच्या पाठोपाठ ९ जानेवारीलाही अभिवादनाचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन ज्या सोलापुरात भरले, तेथे या नावाविषयी विशेष जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. तथापि जानेवारी २०२५ मध्ये दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर असा दावा केला की, फातिमा शेख ही व्यक्ती मुळात नव्हतीच. ती आपणच रचलेली कल्पना होय. त्यानंतर वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, त्या होत्या की नव्हत्या?" प्रश्न साधा होता. परंतु जयंतीच्या भाषणासाठी केलेल्या टिपणांत त्याचे नेमके उत्तर सापडले नाही, हे प्रस्तुत लेखिकेस मान्य केले पाहिजे.

पत्राची साक्ष :

या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र होय. आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या आणि जोतीराव पुण्यात होते. प्रकृतीस आराम पडताच आपण परत येऊ, असे कळवीत असताना फातिमेवर भार पडत असणार, पण ती तक्रार करणारी नाही, या आशयाचा उल्लेख त्यांनी केला आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात हे पत्र समाविष्ट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. जे नाव तेव्हा मराठीत छापले गेले, ते समाजमाध्यमांच्या काळात कोणी रचले असे म्हणणे टिकणारे नाही. येथे हा वाद संपावयास हवा होता.

मात्र पत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ते काळजीपूर्वक वाचले आहे असे दिसत नाही. पत्रात आडनाव नाही, जन्मतारीख नाही, 'शिक्षिका' हा शब्दही तिच्यासाठी योजलेला नाही. मग त्यात आहे तरी काय? पहिली गोष्ट, फातिमा कोण हे जोतीरावांना सांगावे लागत नाही. नुसते नाव पुरते. दुसरी, सावित्रीबाई पुण्यात नसल्या की जे काम मागे राहते ते तिच्यावर येते. हे काम घरचे की शाळेचे, असा आक्षेप घेता येईल. परंतु १८४८ पासून ज्या दांपत्याचा संसार आणि शाळा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, त्यांच्या बाबतीत हा भेद कितपत करावा? आणि तिसरी गोष्ट, तिच्या स्वभावाची खात्री. ही खात्री दीर्घ सहवासाखेरीज येत नाही. एका वाक्यातून हाती लागणारे हे चित्र, माझ्या मते, कोणत्याही जयंतीविशेषांकातील चरित्रापेक्षा अधिक भक्कम आहे.

त्या चरित्रांत पुढे बरीच भर पडली. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख रूढ झाली आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले. ही तारीख कोणत्या समकालीन दप्तरातून आली, हे ती सांगणारे सांगत नाहीत. अध्यापनाचे प्रशिक्षण कोठे झाले, किती मुली शिकविल्या, हेही अशाच निश्चयाने लिहिले जाते. एक लेख दुसऱ्याचा आधार देतो, दुसरा तिसऱ्याचा, आणि तिसरा पुन्हा पहिल्याचा.

आयेशांची कसोटी :

मुस्लिम स्त्रीच्या विद्वत्तेची परंपरा सांगताना आपण हजरत आयेशांपासून प्रारंभ करतो. त्यांच्या नावावर सुमारे २२१० हदीस आहेत, ही संख्या व्याख्यानांतून आवर्जून सांगितली जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे ती त्यांची चिकित्सा. घरच्यांच्या रडण्यामुळे मृताला यातना होतात, असे वचन इब्न उमर यांनी पैगंबरांच्या नावे सांगितले, तेव्हा आयेशांनी ते अमान्य केले. ते बोलणे एका विशिष्ट ज्यू स्त्रीच्या मृत्यूप्रसंगीचे होते, असे त्यांनी दाखविले आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, या कुरआनातील तत्त्वाकडे लक्ष वेधले. इब्न उमर खोटे बोलले असे त्या म्हणाल्या नाहीत. ते विसरले असावेत किंवा चुकले असावेत, एवढेच त्यांनी सांगितले. अशा दुरुस्त्यांचा स्वतंत्र ग्रंथ चौदाव्या शतकात अल्-झरकशी यांनी रचला. विसाव्या शतकात मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी स्त्रीविरोधी वचनांची तपासणी करताना त्याचाच आधार घेतला.

कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोणत्या प्रसंगी ऐकले, हे विचारणे म्हणजे अनादर नव्हे, ही गोष्ट या परंपरेत तेराशे वर्षांहून अधिक काळ मान्य आहे. फातिमा शेख यांच्या चरित्रलेखकांना हीच कसोटी लावावी आणि तिच्यातील सौजन्यही ठेवावे. तारीख जोडणारे बहुधा खोटे बोललेले नाहीत; उपेक्षित स्त्रीला पूर्ण चरित्र मिळावे या आस्थेपोटी ते चुकले. परंतु या आस्थेची किंमत मोठी पडली. कच्च्या तपशिलांवर उभा केलेला पुतळा पाडणे सोपे असते, आणि तो पाडताना पायथ्याचे खरे पत्रही ढिगाऱ्याखाली जाते.

शोध घेण्याजोगी साधने अद्याप आहेत. फुल्यांच्या शाळांना दक्षिणा प्राइज फंडातून दरमहा ७५ रुपये मिळत. त्या व्यवहाराची कागदपत्रे सरकारी दप्तरात आहेत. १८५३ मध्ये जोतीरावांची मुलाखत छापणाऱ्या 'ज्ञानोदया'चे अंकही आहेत. त्या विद्यार्थिनीला मी पत्राची छायाप्रत दिली. तिने ती दोनदा वाचली आणि विचारले, "पण मग त्या दिवशी शाळा उघडली कोणी?"