स्टॉलचे भाडे आणि हाताची मजुरी

चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचे लग्न लागेपर्यंत पुण्या-ठाण्यातली मंगल कार्यालये रिकामी असतात, आणि नेमकी त्याच दिवसांत दिवाळीची खरेदी ऐन भरात असते. या दोहोंची गाठ घालून देणारा एक धंदा आपल्याकडे चांगलाच फोफावला आहे. ‘हस्तकला प्रदर्शन व विक्री’ असा फलक बाहेर लागतो. दाराशी रांगोळी, आत चाळीस-पन्नास टेबले, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर ‘हँडमेड’ची पाटी. कोपऱ्यात चकली-अनारशांचा स्टॉल असतो. गल्ला सर्वांत आधी भरतो तो बहुधा त्याचाच.

या धंद्यात गिऱ्हाईक कोण, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. वरवर पाहता पिशवी घेऊन दारातून आत येणारे आपण. पण आयोजकाचा खर्च आणि नफा पहिला माणूस आत यायच्या आधीच वसूल झालेला असतो, आणि तो देतो स्टॉलवाला. म्हणजे आयोजकाचे खरे गिऱ्हाईक टेबलामागे उभे असते. टेबले भरली की त्याचे काम झाले. शेवटच्या दिवशी कुणाचा किती माल परत टेम्पोत चढला, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. हातच्या वस्तूंच्या बाजारातली निम्मी दुखणी या एका व्यवस्थेतून येतात, असे माझे मत आहे.

आकडे मांडूनच पाहू. सिरॅमिकचे मग करणारी एखादी बाई धरा. तीन दिवसांच्या स्टॉलचे भाडे पंधरा हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० रुपये. तिची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर त्या २,७०० रुपयांची वजावटही मिळत नाही. टेम्पोचे जाऊन-येऊन ४,०००, मदतीला एक मुलगी तीन दिवस ७०० रुपये रोजाने, म्हणजे २,१००, आणि चहा-जेवण, कागद-खोकी यांचे १,२००. एकूण २५,००० रुपये. मगची किंमत ४५० ठेवली आणि माती, ग्लेझ, भट्टीचा खर्च नगाला १२० धरला, तर एका मगमागे सुटतात ३३० रुपये. नुसते टेबल फेडायला तिला ७६ मग विकावे लागतात. रोजचे दहा तास धरले तर दर चोवीस मिनिटांना एक. तोवर तिच्या मेहनतीचा रुपयाही निघालेला नसतो.

आता तिने दीडशे मग नेले आणि शंभर खपले असे समजू. संध्याकाळी शेजारचे स्टॉलवाले म्हणतात, ‘वा, तुमचे तर मस्त गेले!’ गल्ल्यात पंचेचाळीस हजार दिसतात, आणि ती स्वतःही खूश असते. विकलेल्या मगांचा कच्चा माल आणि टेबलाचा खर्च वजा केला की हाती राहतात आठ हजार. दीडशे मग घडवायला वीस दिवस, प्रदर्शनाचे तीन, बांधाबांध आणि उचल-ठेवीचे दोन, असे पंचवीस दिवस धरले तर रोज पडला ३२० रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. चाकावरच्या इतक्या वर्षांच्या सरावाचे आठ रुपये जास्त! शिवाय न खपलेल्या पन्नास मगांमध्ये सहा हजारांचा कच्चा माल अडकून पडतो तो वेगळाच.

हा हिशेब अवघड नाही, पण तो करणारे थोडे. बहुतेक जण किंमत ठरवताना सामानाचे पैसे धरतात, शेजारच्या टेबलावरचा भाव बघतात आणि त्यात दहा-वीस रुपये कमी करून मोकळे होतात. स्वतःची मजुरी धरायची तर चारचौघांत पैसे मागितल्यासारखे वाटते. घरच्या बाईने दुपारच्या वेळात केलेल्या कामाला मोल लावायची सवय आपल्याला नाही, आणि खुद्द त्या बाईलाही नाही. नवऱ्याच्या पगारावर घर चालते म्हणून तिचे टेबल चालते. पण त्याच टेबलाशेजारी ज्याचे घर केवळ याच कामावर चालते असा कारागीर उभा असेल, तर तिने पाडलेला भाव त्याच्या पोटावर येतो.

आयोजकाला टेबले भरायची असतात, तेव्हा वस्तू कुणी बनवली हे तो कशाला विचारील? फॉर्मवर ‘उत्पादनाचा प्रकार’ हा रकाना असतो, ‘बनवणाऱ्याचे नाव’ हा क्वचितच. त्यामुळे घाऊक बाजारातून आणलेले कानातले, छापील उशांचे अभ्रे आणि साच्यातल्या मूर्ती ‘हँडमेड’च्या पाटीखाली बसतात. अशा व्यापाऱ्याला भाडे परवडते, कारण त्याच्या नगामागे वीस दिवसांची मेहनत नसते. पुढच्या वर्षी भाडे वाढते, तो टिकतो आणि कुंभारीण घरी राहते.

वारली चित्रांच्या टेबलाशी हे फार स्पष्ट दिसते. पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदा-कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन. तरीही शहरी प्रदर्शनात वारली म्हणून खपणारे बरेचसे सामान छापील असते. ओळखायला सोपे आहे. तीन ट्रे शेजारी ठेवा आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाच्या गोलातली एकच आकृती तिन्हींवर बघा. बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची रेघ ओढताना ती कुठे जाड होते, कुठे तुटते, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. छपाईत मात्र तिसऱ्या बाईचा डावा हात तिन्ही ट्रेंवर त्याच जागी तुटलेला सापडतो. पैठणीचेही तसेच. हातमागावर विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्याइतकीच नितळ असते. यंत्रमागाच्या नकलेत मोराच्या पाठीमागे लोंबते धागे सापडतात. पदर उलटून बघायला दहा सेकंद लागतात, पण उलटून बघणारे गिऱ्हाईक मी फारसे पाहिलेले नाही. आयोजक तर मुळीच नाही.

भाड्याचा भार उचलणारी प्रदर्शनेही आहेत. ग्रामविकास विभागाच्या ‘उमेद’चे महालक्ष्मी सरस मुंबईत भरते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा पुण्यात भरते. गावच्या बायकांनी शहरात येऊन स्वतःच्या तोंडाने भाव सांगावा, ही या दोन्ही ठिकाणची मोठी कमाई आहे, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण गर्दी ओढते ती मांडे, झुणका-भाकर आणि तांबडा-पांढरा रस्सा. लोक पोटभर जेवतात, दोन मसाले घेतात आणि हात पुसत घोंगड्यांच्या रांगेतून बाहेर पडतात. दुसरी अडचण अशी की सरकारने भाडे भरले की ते किमतीत धरायची गरजच उरत नाही. तोच गट पुढे खासगी प्रदर्शनात आला की जुना भाव सांगतो आणि तोट्यात जातो. वाढवला तर ‘सरसमध्ये तर दोनशेला होते’ हे ऐकावे लागते. सवलत द्यायला हरकत नाही. पण किंमत कशी बांधायची हे शिकवण्याचा एक दिवस तिच्याबरोबर ठेवला असता तर ती सवलत टिकली असती.

सर्वांत शहाणी रचना मला दिल्ली हाटची वाटते. १९९४ मध्ये आयएनएजवळ सुरू झालेल्या या बाजाराची कल्पना जया जेटली यांची. कारागिराने ओळखपत्र दाखवायचे, थोडक्या भाड्यात पंधरा दिवस बसायचे आणि जागा पुढच्याला द्यायची. कायमचे दुकान कुणाचेच नाही, त्यामुळे देशभरच्या हातांना पाळीपाळीने राजधानीत जागा मिळते. आता ओळखपत्र कारागिराचे आणि माल व्यापाऱ्याचा, अशा तक्रारी तिथेही वर्षानुवर्षे होत आहेत. नियम चांगला असून भागत नाही, तो तपासणारा रोज फिरावा लागतो. ३० एप्रिल २०२५ च्या रात्री याच हाटाला आग लागून पंचवीसच्या आसपास स्टॉल जळाले. कारागीर प्रदर्शनाला निघतो तेव्हा हंगामाचे सगळे काम एकाच टेम्पोत भरून निघतो. त्या मालाचा विमा काढावा हे त्याला कुणी सांगत नाही, आणि आयोजकांच्या फॉर्मवर ‘मालाची जबाबदारी स्टॉलधारकाची’ ही ओळ मात्र ठळक टाइपात असते.

मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाबद्दल एवढेच सांगतो की १९९९ पासून त्याने शहराला रस्त्यावर कला पाहायची सवय लावली, पण तिथल्या गर्दीच्या हातात पिशवीपेक्षा मोबाइल जास्त असतो. ज्याच्या टेबलासमोर सर्वाधिक फोटो निघतात, त्याचाच माल खपतो असे नाही.

आता आपल्याकडे वळू. घासाघीस हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, हे मला मान्य आहे. भाजीवाल्याशी करावी, ती त्याने भावात धरलेली असते. कारागिराशी मात्र ती का करू नये, हे कळायला कोल्हापुरी चपलेचा मामला पाहा. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलीच चप्पल मूळ नाव न घेता मांडली, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! कंपनीने मूळ मान्य केले आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करवून घेण्याचे जाहीर केले. किंमत, जोडामागे सुमारे ८०० युरो. संतापलेल्यांत तेही असणार, जे प्रदर्शनात ८०० रुपयांच्या जोडाला ‘सातशेला द्या, दोन घेतो’ म्हणतात. बनवणारा समोर उभा असला की आपण भाव पाडतो. तो दिसेनासा झाला, काचेच्या शोरूममागे गेला, की छापील किंमत निमूटपणे देतो.

यात कारागिरांचीही चूक आहे. शेवटच्या दिवशी, रविवारी चार वाजले की परत न्यायच्या ओझ्याच्या भीतीने पडेल भावात माल काढायला सुरुवात होते. एकाने ‘तीस टक्के सूट’ची पाटी लावली की साथ पसरते. नेहमीचे गिऱ्हाईक हे दोन वर्षांत शिकते आणि शनिवारी नुसते बघून जाते. वस्तू आवडलेला एखादा दुकानदार तिथूनच कार्ड घेऊन जातो आणि तीस ते पन्नास टक्के कमिशन मागतो, ते वेगळेच. ज्याने किंमत बांधताना त्याचा वाटा धरलेलाच नसतो, तो एक तर नाही म्हणतो, किंवा हो म्हणून फसतो. प्रदर्शन म्हणजे तीन दिवसांची विक्री असे धरून चालणारे सहसा दोन-तीन हंगामांत थकतात. टिकतात ते गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत उतरवणारे, मागणीवरचे काम घेणारे आणि पुढच्या महिन्यात स्वतःहून निरोप धाडणारे. त्यांच्या लेखी टेबलाचे भाडे हा जाहिरातीचा खर्च असतो, आणि ते कमाईचा हिशेब वर्षाअखेरीला करतात.

कागदपत्रांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत परिस्थिती थोडी सुधारली आहे. अधिसूचित हस्तकला वस्तू परराज्यात नेऊन विकणाऱ्या छोट्या कारागिराला जीएसटी नोंदणीतून सूट आहे. मात्र पॅन लागतो, आणि मालाची किंमत कितीही लहान असली तरी ई-वे बिल काढावे लागते. ते नसले की टेम्पो अडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक हस्तकला वस्तूंवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यूपीआयने सुट्ट्यांचे रडगाणे संपवले आणि बँकेत दाखवायला विक्रीची नोंदही दिली. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्के व्याजाने कर्ज देते. त्या यादीत कुंभार आहे, चांभार आहे, खेळणी करणारा आहे. चित्रकार नाही आणि हातमागावरचा विणकरही नाही, म्हणजे वारलीही बाहेर आणि पैठणीही बाहेर.

आयोजकांकडून एकच अपेक्षा आहे. स्टॉल कोणत्या निकषावर दिले, बनवणारा स्वतः हजर असणे सक्तीचे आहे की नाही आणि माल कुणी तपासला, हे फलकावर प्रायोजकांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. भाड्याचा काही भाग विक्रीच्या टक्केवारीत घेतला तर त्याहून उत्तम, म्हणजे माल खपण्यात त्यांचाही जीव अडकेल. आणि वाचकहो, येत्या दिवाळीत अशा प्रदर्शनाला गेलात तर टेबलामागच्या माणसाला आधी विचारा, ‘हे तुम्ही केलेत का, आणि कसे?’ उत्तर पटले आणि वस्तू परवडली तर सांगितलेल्या किमतीला घ्या. आज परवडत नसेल तर नंबर घेऊन ठेवा, पण रविवारी चारनंतर भाव पाडायला जाऊ नका.