फिलिपिनो मारधाडपट आणि चेहऱ्याचा संकेत

लोकप्रिय चित्रपटांत पात्राचे रूप हेच त्याच्या शीलाचे प्रमाणपत्र असते, असे आपण म्हणतो. नायक देखणा, खलनायक कुरूप. गोरा तो सज्जन, काळा तो दुर्जन. फिलिपिन्समधील मारधाडीच्या चित्रपटांविषयी बोलणारे बहुधा याच सूत्रापाशी येऊन थांबतात. सूत्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि जेथे ते अपुरे पडते तेथेच या चित्रपटांचे खरे स्वरूप दिसू लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हा संकेत चित्रपटाहून जुना आहे. स्पॅनिश राजवटीत (1565–1898) वाढलेल्या ‘कोमेद्या’ किंवा ‘मोरो-मोरो’ या नाट्यप्रकारात ख्रिस्ती व मुसलमान अशा दोन सैन्यांचा संग्राम दाखवीत. ख्रिस्ती वीर निळ्या वा काळ्या वेषात येत, मोरो तांबड्या वेषात. पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा पक्ष प्रेक्षकास कळे. पुढे अमेरिकन अंमल आला, चित्रपट आला, आणि सांपागिता व एल. व्ही. एन. यांसारख्या चित्रसंस्थांच्या काळात वेषाची जागा हळूहळू वर्णाने घेतली. मिश्र रक्ताचा, उजळ कांतीचा, उभ्या नाकाचा ‘मेस्तिसो’ हा पडद्यावरचा स्वाभाविक नायक ठरला. त्याला लाडाने ‘तिसोय’ म्हणत. नायकासाठी ‘बिदा’ आणि खलनायकासाठी ‘कोन्त्राबिदा’ हे शब्दही स्पॅनिशकडूनच आले. शब्द आणि रूप दोन्ही परकीय, असे येथे घडले आहे.

आता फर्नांडो पो (धाकटे) यांचे उदाहरण घेऊ. 1939 साली जन्मलेला हा नट चाहत्यांत ‘राजा’ या बिरुदाने ओळखला जाई. त्याची आई अमेरिकन, पित्याकडचा आजा स्पेनमधून आलेला. म्हणजे रूपाने हा पूर्णपणे जुन्या मेस्तिसो परंपरेतला. परंतु त्याने रंगविली ती माणसे मात्र शेतकरी, कारागीर, गावाकडून शहरात आलेला साधा शिपाई अशी होती. कार्लो कापारास यांच्या चित्रकथेवरून 1980 साली निघालेल्या ‘आंग पांदाय’मध्ये तो लोहार झाला आहे. आकाशातून पडलेल्या उल्केच्या धातूपासून तो खंजीर घडवितो आणि त्या खंजिराची तलवार होते. प्रेक्षागृहात बसलेल्या कष्टकऱ्याने या लोहाराला आपला मानले, यात नवल नाही. नवल हे, की त्या प्रेक्षकासारखा दिसणारा मनुष्य पडद्यावर शोधू गेल्यास तो नायकाच्या जागी क्वचितच सापडतो. तो सापडतो खलनायकाच्या हस्तकांत.

या हस्तकांकडे टीकाकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही. पाकितो दियास, माक्स आल्व्हाराडो, व्हिक दियास यांच्यासारखे ठळक कोन्त्राबिदा निदान नावाने तरी ओळखले जात. त्यांची दाढी, त्यांचा रुंद देह, त्यांचे डोळे वटारणे हा एक स्वतंत्र अभिनयसंप्रदायच होता, आणि पाकितो दियास तर पुढे त्याच चेहऱ्याच्या बळावर विनोदी भूमिकाही करू लागला. परंतु त्यांच्यामागे जी दहावीस माणसे उभी असतात, गोळी लागताच छपरावरून कोसळतात, त्यांना नाव नसते. त्यांचा वर्ण सावळा, अंगावर गोंदण, गालावर व्रण, दात पडलेले. आणि या सर्वांच्या वर, बंगल्यात बसलेला मुख्य सूत्रधार पाहावा, तर तो पुष्कळदा पुन्हा उजळ कांतीचा, नीटनेटका, इंग्रजी मिसळून बोलणारा जमीनदार किंवा राजकारणी असतो. एदी गार्सिया (1929–2019) या थोर नटाने असा सभ्य दुर्जन अनेकदा रंगविला. त्याच्या आवाजातच हुकूम होता.

तेव्हा गोरा चांगला आणि काळा वाईट, एवढेच हे चित्रपट सांगत नाहीत. न्याय करणाराही उजळ आणि अन्याय करणाराही उजळ. सावळ्या माणसाच्या वाट्याला मधल्या मध्ये मरणे येते. उजळ वर्ण येथे चांगुलपणाची खूण नसून कर्तृत्वाची, सत्तेची खूण आहे. ही व्यवस्था वसाहतीच्या समाजरचनेशी इतकी तंतोतंत जुळते की तिला केवळ सौंदर्यविषयक आवडनिवड म्हणता येणार नाही.

अपवाद नाहीत काय? आहेत. जोसेफ एस्त्रादा याने 1961 च्या ‘आसियोंग सालोंगा’त मनिलातील तोंदो वस्तीचा गुंड नायक म्हणून उभा केला. जाड अंगाचा, मिशीवाला, सावळेपणाकडे झुकणारा हा नायक लोकांना आवडला; 1998 साली तो राष्ट्राध्यक्षही झाला. मात्र तो सुस्थित घरातला होता, हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक होते. लितो लापिद स्टंटची कामे करीत करीत नायकपदाला पोहोचला, म्हणजे हस्तकांच्या रांगेतून पुढे आला. परंतु रांग तशीच राहिली.

पो यांच्या बाबतीत इतिहासाने केलेला उपरोध विलक्षण आहे. 2004 साली ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा ते फिलिपिनो नागरिक तरी आहेत काय, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आईचे परकीयत्व आणि आईबापांच्या विवाहाची तारीख यांचा कीस काढला गेला. निकाल त्यांच्या बाजूने लागला, निवडणूक ते हरले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारले. सामान्य माणसाचा चेहरा म्हणून देशाने ज्याला चार दशके पाहिले, त्याच्या रक्ताची चौकशी न्यायालयात झाली.

देहाचा संकेत कधी थट्टेचेही रूप घेतो. दोन फूट नऊ इंच उंचीच्या वेंग वेंगला घेऊन एदी निकार्त याने 1981 साली जेम्स बाँडचे विडंबन काढले. नायक लहान म्हणून चित्रपट हास्यास्पद, ही त्यातली सोपी बाजू. बाँडचा उंच गोरा देह हाच नायकत्वाचा मानदंड असल्यामुळे त्याच्या विरुद्ध टोकाचा देह विनोद ठरतो, ही दुसरी बाजू अधिक बोचक आहे. वेंग वेंग 1992 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला.

येथवरचा विचार कलेपुरता मर्यादित राहिला असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तागालोगमध्ये चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात; हा आपलाच संस्कृत शब्द. त्यावरून ‘मुखांग आदिक’ असा प्रयोग होतो: व्यसन्यासारखा दिसणारा. कृश, सावळा, गोंदलेला मनुष्य पाहून लोक सहज असे म्हणतात. 2016 साली अंमली पदार्थांविरुद्ध सरकारी मोहीम सुरू झाली, आणि पुढील सहा वर्षांत केवळ पोलिसी कारवाईतच सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे शासनाचेच आकडे सांगतात. बहुतेक मृत गरीब वस्त्यांतले होते. चित्रपटांनी हे घडविले, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. परंतु नाव नसलेला हस्तक मेल्यावर प्रेक्षकाने त्याच्यासाठी थांबायचे नसते, हा सराव पडद्याने पिढ्यान्‌पिढ्या करून घेतला होता, एवढे म्हणावेच लागते.

या मोहिमेवरच एरिक मात्ती याने 2018 साली ‘बायबस्ट’ काढला. पोलिसांची तुकडी मनिलातील एका झोपडवस्तीत अडकते आणि रात्रभर संहार चालतो. दिग्दर्शकाचा रोख भ्रष्ट यंत्रणेवर आहे, वस्तीतल्या रहिवाशांचा संतापही तो समजून घेतो. तरीही नायिका अ‍ॅन कर्टिस हिचे वडील ऑस्ट्रेलियन, तिचा धिप्पाड सहकारी ब्रँडन व्हेरा हाही मिश्र वंशाचा. आणि छपरांवरून, गल्ल्यांतून त्यांच्यावर तुटून पडणारा जमाव तोच, जुना, नाव नसलेला. टीका करणाऱ्या चित्रपटालाही पात्रयोजनेचा जुना साचा मोडता आला नाही.

पो यांच्याच एका चित्रपटावरून निघालेली ‘आंग प्रोबिन्स्यानो’ ही दूरदर्शन मालिका 2015 पासून 2022 पर्यंत चालली. तिच्यात नायकाची भूमिका कोको मार्टिनने केली. त्याचा वर्ण सावळा आहे. त्याच्या गोळीने पडणाऱ्यांचाही.