हुसेन सागर ते बापू घाट : पुतळे आणि शहराच्या शंका

लंगर हौजच्या बापू घाटावर महात्मा गांधींचा सर्वात उंच पुतळा उभारायचा, असा बेत तेलंगणा सरकारने २०२४ साली पुढे आणला. मुसी नदीच्या पुनरुज्जीवनाचाच तो एक भाग. मुसी आणि ईसा यांचा संगम इथलाच, आणि १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचं विसर्जनही इथेच झालं, म्हणून जागेबद्दल फारशी तक्रार करता येत नाही. तक्रार आली ती उंचीबद्दल. गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांनीच पुतळ्यांच्या चढाओढीला विरोध केला आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवा म्हणून सांगितलं. काचीगुडा, सुलतान बाजारच्या घरांत प्रश्न त्याहून लहान होता : "परत पुतळा?"

या दोन शब्दांतला 'परत' महत्त्वाचा आहे. हैदराबादची शंका आजची नाही, तिला चाळीस वर्षांची आठवण आहे. ती शंका कुठे बरोबर ठरली आणि कुठे चुकली, हे नीट तपासलं तर बापू घाटाबद्दल काही उपयोगाचं बोलता येईल.

एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना अमेरिकेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहून आले आणि आपल्याही शहराला असं काही हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. हुसेन सागराच्या मधल्या खडकावर बुद्ध उभा करायचा ठरलं. नलगोंडा जिल्ह्यात रायगिरीजवळ एकसंध पांढरा ग्रॅनाइट मिळाला. गणपती स्थपती आणि त्यांच्या कारागिरांनी काही वर्षं खपून ५८ फुटांची मूर्ती घडवली. १९२ चाकांच्या गाडीवरून ती शहरात आली. पण ती उभी राहण्याआधीच १९८९ च्या निवडणुकीत रामारावांची सत्ता गेली.

१० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावरून खडकाकडे निघाली. तराफा कलला, मूर्ती तळ्याच्या तळाशी गेली आणि बरोबरची माणसंही बुडाली. पुढे तिला वर काढून १ डिसेंबर १९९२ ला खडकावर उभं केलं, आणि तेही रामारावांच्या विरोधकांच्या राजवटीत. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुतळा एकदा सुरू झाला की तो पक्षाचा राहत नाही. सरकारं बदलतात, पण अर्धा झालेला पुतळा कुणीच सोडत नाही. म्हणून शंका विचारायची ती सुरुवातीलाच.

आता हिशेब करू. "पैशाची उधळपट्टी" हा आक्षेप अशा प्रत्येक कामावर येतो, आणि पुतळा उभा राहिला की तो विरघळतो. आज लुंबिनी पार्कहून नावेने बुद्धाकडे जाणाऱ्या पोरांना खर्च विचारून काय उपयोग? पाहुणे आले की आपणही त्यांना तिथेच नेतो. शहराने बुद्धाला आपलं म्हटलं, हे टीकाकारांनी मोकळेपणाने कबूल करायला हवं. नाहीतर आपली टीका म्हणजे नुसती कुरकुर ठरते.

पण दुसरी एक गोष्ट मला जास्त लागते. मूर्तीची उंची आपण फुटांत सांगतो, गाडीची चाकंसुद्धा मोजून सांगतो. त्या दिवशी गेलेले जीव मात्र कुठे आठ लिहिलेले सापडतात, कुठे दहा. या भव्यतेत दगडाची मापं पक्की राहिली आणि माणसांचा आकडा सैल राहिला. खरा आक्षेप इथे आहे, आणि तो पुतळा उभा राहिल्यावरही विरघळत नाही.

पुढे मापं वाढत गेली. १४ एप्रिल २०२३ ला सचिवालयाशेजारी बाबासाहेब आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा उघडला. घडवणारे राम सुतार आपल्या धुळ्याकडचे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटला, आणि वाटावाच. तिथे १२५ या आकड्याला बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचा अर्थ तरी होता. 'सर्वात उंच' याला असा काही अर्थ नसतो. दुसऱ्या गावाने दोन फूट वाढवले की तो संपला.

बापू घाटाची गोष्ट नदीपासून वेगळी काढता येत नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीने शहरातली हजारो माणसं नेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांच्या सल्ल्यातून उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव झाले. नदीच्या काठांवर उस्मानिया हॉस्पिटल आणि हायकोर्ट उभं राहिलं. त्या इमारतीही मोठ्याच होत्या, राजाच्या नावाच्याच होत्या. भव्यतेला कुणी नाही म्हणत नाही. पण त्या भव्यतेत आजारी माणसाला खाट मिळत होती आणि तलावातून घरी पाणी येत होतं. त्याच उस्मानियाच्या जुन्या इमारतीत २०२० च्या पावसाचं पाणी वॉर्डात शिरलं आणि ती बंद करावी लागली. नव्याचा मोठेपणा सांगताना जुन्याची ही अवस्था नजरेआड कशी करायची?

२०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी चादरघाट, मूसारामबागकडच्या नदीकाठच्या घरांवर लाल रंगात खुणा पडल्या. काही कुटुंबं दुसरीकडे हलवली, काही घरं पाडली. पूररेषेतली वस्ती धोक्याची असते, हे खरंच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मुसीचं पाणी इमलीबनच्या बस स्टँडात शिरलं, तेव्हा ते पुन्हा दिसलं. त्या स्टँडलाही महात्मा गांधींचंच नाव आहे. नाव देऊन पाणी थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पुतळा नको, एवढंच म्हणून थांबू नये. उंची जाहीर करण्याआधी तीन कागद लोकांसमोर ठेवा, असं म्हणावं. पूररेषा नेमकी कुठे आहे. कोणाकोणाची घरं गेली आणि त्यांना कुठे जागा मिळाली, नावांसकट. आणि नदीत येणारं सांडपाणी कोण, कधीपर्यंत थांबवणार. हे तीन कागद आले तर पुतळा पन्नास फुटांचा असो की दोनशे, भांडण फार उरणार नाही. ते आले नाहीत तर बापूंच्या पायाशी काळंच पाणी वाहणार.

वाचकांना एक विनंती. १० मार्च १९९० च्या आसपासची कात्रणं कुणाच्या घरी असतील, किंवा त्या दिवशी टँक बंडावर उभं असलेलं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांचं सांगणं लिहून घ्या. आठ की दहा, हे आपल्या मंडळाला ठरवता आलं तरी पुष्कळ झालं. नावं मिळाली तर त्याहून चांगलं.