पात्रतेची भाषा

सरकारी पैशातून होणाऱ्या उपचारासाठी माणूस 'पात्र' आहे की नाही हे ज्या कागदांवरून ठरते, त्या कागदांची समीक्षा आपल्याकडे होत नाही. कवितेतला शब्द आपण पारखून घेतो. ज्या शब्दावर माणसाचे जगणे-मरणे ठरते तो मात्र कारकुनाच्या टेबलावर सोडून देतो. पुण्यातील वस्त्यांत लोकांचे अर्ज भरून देताना हे कागद मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्यांची भाषा हक्काची नाही, दानाची आहे, असे माझे मत आहे.

'पात्र' हा शब्दच पाहा. दान सत्पात्री असावे हे धर्मशास्त्राचे सांगणे, आणि सत्पात्र कोण हे जन्माने ठरलेले. पेशवाईत श्रावणमासी राज्याच्या तिजोरीतून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा त्यासाठीच होता. घेणारा तेथे आपली विद्या दाखवी. दारिद्र्य सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. पुढे या दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा, अशी मागणी १८४९ च्या सुमारास झाली, तेव्हा जोतीराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. आज त्याच पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तेथल्या माणसाला राज्यसंस्था उलटा प्रश्न विचारते : तुझ्याकडे काय काय नाही, ते दाखव.

१९९९ साली शिधापत्रिकांचे तीन रंग झाले. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत हवे. घरात दूरध्वनी नको, चारचाकी नको, आणि डॉक्टर किंवा वकीलही नको. म्हणजे बाबासाहेबांचे ऐकून घरातला एक मुलगा वकील झाला की त्याची सनद भिंतीवर लागते आणि आईचे कार्ड जाते. २०१२ साली सुरू झालेली आणि २०१७ साली महात्मा फुले यांचे नाव मिळालेली राज्याची आरोग्य योजना अनेक वर्षे मुख्यतः या रंगांवरच चालली. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा 'निर्धन' आणि १० टक्के 'दुर्बल' रुग्णांसाठी. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. महापालिकेच्या शहरी गरीब योजनेतही उत्पन्नाचा दाखला आहेच.

पण दाखला द्यायचा कोणी? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगार लिहून कोण देतो? तहसील कचेरीचा शिक्का खरा, तिचा शब्द खोटा. स्वतःच्या दारिद्र्याबद्दलसुद्धा तिची साक्ष प्रमाण मानली जात नाही.

कोणी म्हणेल, तपासणी नसेल तर सधन माणसेच योजना खातील. शंका खरी आहे. परंतु सधनाकडे कागद जमवून देणारी माणसे असतात. ही चाळणी पैसा असलेल्याला अडवत नाही, कागद नसलेल्याला अडवते.

१ जुलै २०२४ पासून फुले योजना सर्व रंगांच्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. याचे स्वागत केले पाहिजे. तरी दारात शिधापत्रिका वा अधिवासाचा दाखला उभा आहेच, आणि अधिवासासाठी साधारणपणे १५ वर्षांचे वास्तव्य लागते. ज्याच्याकडे भाड्याच्या खोलीचा करारही नाही, तो ही वर्षे कशाने मोजून दाखवणार?

दुसरी रीत याच शहराने पाहिली आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या कचरावेचकांची ओळखपत्रे महापालिकेने मान्य केली, आणि २००२-०३ पासून नोंदलेल्या कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा भार उचलला. त्यांत दलित स्त्रियांची संख्या मोठी. शहराचा कचरा आम्ही वेचतो, महापालिकेचा खर्च आम्ही वाचवतो, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या ओळखपत्रावर अभाव नोंदलेला नाही, श्रम नोंदलेले आहेत. मला हा फरक केवळ शब्दांचा वाटत नाही. अभाव दाखवणारा हात पसरतो. श्रम दाखवणारा हिशेब मागतो.

अर्थात, जो आजारामुळे कामच करू शकत नाही त्याला श्रमाचाही पुरावा मागता कामा नये. त्याचे माणूस असणे पुरे आहे. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अर्ज भरून देण्यावर थांबू नये. अर्जातले प्रश्न कोणी लिहिले, तेही विचारावे. 'लाभार्थी' हा शब्द आपल्या लिखाणातून काढून टाकण्यापासून सुरुवात करता येईल. आजारी पडण्यात कसला आला आहे लाभ?